मंद आच की थंड चूल?



गेल्या नाताळची गोष्ट. सकाळच्या मिस्सा आटोपल्यावर आम्ही धर्मग्रामातील एका कुटुंबाकडे जेवायला गेलो होतो. त्या घरची लेक आखातात नर्स आहे. सात वर्षांनंतर प्रथमच तिला नाताळची सुट्टी मिळाली होती. येताना तिने विजेवर चालणारा स्लो कुकर आणला होता, आणि मुंबईहून बर्फात गोठवलेले टर्कीच्या छातीचे दोन किलो मांस मागवले होते. रुग्णालयातील तिच्या मैत्रिणी रात्रपाळीला निघताना कुकर लावतात आणि परत आल्यावर गरम जेवतात, हे तिने पाहिले होते. आपल्या आईलाही एका नाताळला चुलीपुढे उभे राहावे लागू नये, एवढीच तिची इच्छा होती.

नाताळच्या आदल्या रात्री मिस्साला निघताना तिने मांस कुकरमध्ये ठेवले, झाकण लावले आणि कळ मंद आचेवर फिरवली. मिस्सा, कॅरोल, शेजाऱ्यांच्या भेटी, झोप, पुन्हा पाहुणे. दुपारी एक वाजता झाकण उघडले, तेव्हा पंधरा तास होऊन गेले होते. वास छान होता. पण घास तोंडात घेतला, तर मांस कापसासारखे कोरडे. रस्सा घातल्याशिवाय गिळवेना. लेकीचा चेहरा पडला. ‘एवढा वेळ दिला, तरी असं का झालं?’ ती म्हणाली. सगळे गप्प बसले. मग कोपऱ्यात बसलेली आजी म्हणाली, ‘अगं, तंगडीला लागतो तेवढा वेळ तू छातीला दिलास. वेळ कमी नाही पडला बाई, जास्त झाला.’

सगळे हसले आणि करंज्यांचे ताट पुढे आले. आम्हीही हसलो. पण आजीचे ते वाक्य आमच्याबरोबर घरी आले आणि पुढे बरेच दिवस आम्हाला टोचत राहिले. का, ते पुढे सांगतो. त्याआधी या भांड्याविषयी थोडे.

टर्की काही आपल्या अंगणातला पक्षी नव्हे. तो मूळचा अमेरिका खंडातला. इंग्रज त्याला तुर्कस्तानचे नाव देतात, तर तुर्की लोक त्याला ‘हिंदी’ म्हणतात! प्रत्येकाला तो दुसऱ्याच्याच देशातून आल्यासारखा वाटला. आपल्याकडे तो पोर्तुगिजांबरोबर आला. १६१२ साली जहांगीर बादशहाचा अधिकारी मुकर्रब खान याने गोव्याहून ज्या अपूर्व वस्तू दरबारात नेल्या, त्यांत एक टर्की होता. बादशहाला त्याचे इतके नवल वाटले की त्याने त्याचे वर्णन लिहिले आणि उस्ताद मन्सूर या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

स्लो कुकरची कथा मात्र आपल्या श्रद्धेच्या अधिक जवळची आहे. शब्बाथाच्या दिवशी घरात अग्नी पेटवू नये, असा नियम निर्गमाच्या पुस्तकात आहे. मग शनिवारी गरम जेवण कसे मिळावे? पूर्व युरोपातील यहुदी कुटुंबे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी कडधान्य, बटाटे आणि मांस यांचे मडके गावच्या बेकरीतील तापलेल्या भट्टीत ठेवून येत. भट्टीच्या उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजे आणि शनिवारी प्रार्थनेनंतर लोक ते घरी आणत. या पदार्थाला ते ‘चोलेंट’ म्हणत. लिथुआनियातील या प्रथेची आठवण अमेरिकेतील आयर्विंग नॅक्सन या यहुदी संशोधकाच्या घरात सांगितली जात असे. तीवरून त्यांना विजेच्या मंद भांड्याची कल्पना सुचली. त्यांना १९४० मध्ये पेटंट मिळाले. पुढे रायव्हल नावाच्या कंपनीने त्यांचा व्यवसाय विकत घेऊन १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ बाजारात आणले, आणि सकाळी कामावर जाणाऱ्या स्त्रियांनी ते उचलून धरले.

आपल्या महाराष्ट्रालाही शब्बाथ अनोळखी नव्हता. रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. इराकी वंशाचे जे यहुदी पुढे मुंबई-पुण्यात स्थायिक झाले, त्यांच्याकडे तर शब्बाथासाठी भात भरलेली कोंबडी रात्रभर मंद धगीवर ठेवण्याची रीत होती. आणि कोळशावर चालणारा ‘इकमिक कुकर’ १९१० च्या सुमारास कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी तयार केला होता. खाली निखारे, वर डब्यांवर डबे. कामाला जाताना लावायचा, परत येऊन जेवायचे.

तेव्हा हे भांडे आळसातून जन्मलेले नाही. माणसाला विसावा मिळावा, प्रार्थनेला वेळ मिळावा, तरीही घरच्यांना गरम घास मिळावा, या काळजीतून ते जन्मले आहे. आखातातून आलेल्या त्या लेकीची इच्छा हीच होती. मग चूक कुठे झाली?

चूक समजून घ्यायची तर भांड्याच्या पोटात काय चालते, ते पाहावे लागेल. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्याने उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते आणि तीन-चार शिट्ट्यांत काम होते. स्लो कुकरमध्ये ती पाणी उकळण्याच्या थोडी खालीच राहते. टर्की हा चालणारा पक्षी. त्याच्या तंगड्यांना सतत काम असते, म्हणून त्यांत चिवट तंतू पुष्कळ. हे तंतू घाईने मऊ होत नाहीत. तासन्‌तास मंद धग मिळाली की ते विरघळतात आणि मांस लोण्यासारखे सुटते. छातीचे मांस निराळे. पाळलेला टर्की फारसा उडत नाही, म्हणून छातीत असे तंतू कमी आणि चरबीही कमी. ते आतपर्यंत ७४ अंशांना पोचले की शिजले. दोन किलोच्या तुकड्याला मंद आचेवर पाच-सहा तास पुरतात. त्यापुढे प्रत्येक तासाला त्यातला रस तेवढा निघून जातो.

आणखी दोन नियम त्या लेकीने आम्हाला सांगितले. पहिला, झाकण सारखे उघडायचे नाही. दर वेळी साठलेली वाफ जाते आणि शिजण्याचा वेळ वाढतो. दुसरा नियम अधिक गंभीर आहे. गोठलेले मांस तसेच कुकरमध्ये टाकायचे नाही, आणि मध्येच वीज गेली तर गप्प बसून राहायचे नाही. कारण मांस नुसते कोमट राहिले, तर शिजत नाही, नासते. साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. भारनियमनाचे दिवस आठवत असतील, त्यांना हे वेगळे सांगायला नको. भांडे तेच, झाकण तेच, वेळही तेवढाच. पण खाली धग नसेल, तर त्या वेळात आत विष तयार होत असते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही भांडी सारखीच दिसतात.

बंधुभगिनींनो, आम्हाला जे टोचत होते, ते इथे आहे.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे ते कंत्राटी कामगार होते. ठेकेदाराने तीन महिन्यांचा पगार दिला नव्हता. ‘फादर, काय करू? तक्रार केली तर कामावरून काढतील. नाही केली तर घर कसं चालवू?’ असे त्यांनी विचारले. आम्ही त्यांना बसवले, चहा दिला आणि म्हणालो, ‘धीर धरा. प्रार्थना करा. देव मार्ग दाखवील.’ ते नमस्कार करून गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा आले. आम्ही पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्यांदा ते आलेच नाहीत. आम्हाला वाटले, प्रश्न सुटला असेल. सुटला नव्हता. मुलीचे कॉलेजचे पैसे भरता आले नाहीत म्हणून ती घरी बसली होती, आणि ठेकेदार दुसऱ्या गावी निघून गेला होता. हे कळल्यावर आम्ही त्यांच्याबरोबर कामगार कार्यालयात गेलो. चकरा मारल्या, अर्ज केले. काही रक्कम मिळाली, सगळी नाही. मुलीचे वर्ष गेले, ते गेलेच. त्या गृहस्थांनी आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता, तर बरे वाटले असते.

आम्ही त्यांना धीर शिकवला, असे आम्ही समजत होतो. खरे पाहता आम्ही आमची अडचण टाळत होतो. ठेकेदाराला भेटायचे, कार्यालयात जायचे, कोणाचा तरी राग ओढवून घ्यायचा, हे आम्हाला नको होते. झाकण आम्ही लावले होते, पण खाली धग ठेवली नव्हती.

याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय आम्ही आगमनकाळात कितीतरी वेळा वाचला आहे. शेतकरी पावसाची आणि पिकाची वाट पाहतो, तसा धीर धरा, असे तिथे सातव्या वचनात सांगितले आहे. त्यावर आम्ही प्रवचनेही दिली आहेत. पण त्याच अध्यायात, तीन वचने आधी, शेतात राबलेल्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आक्रोश देवाच्या कानी गेला आहे, असेही लिहिले आहे. सातवे वचन आम्ही त्या गृहस्थांना ऐकवले. चौथे वचन ठेकेदाराला ऐकवायचे होते, ते राहून गेले. लेवीय पुस्तकात तर मजुराचे वेतन सकाळपर्यंतही आपल्याजवळ ठेवू नये, अशी आज्ञा आहे. पाहा, ज्या लोकांनी मडके रात्रभर भट्टीत ठेवायला शिकवले, त्यांच्याच शास्त्राने मजुरी रात्रभर ठेवायला मनाई केली. आपल्या देशातही १९३६ च्या कायद्याने वेतनाला तारखेची मर्यादा घातली होती, आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही महिन्याच्या पगारासाठी पुढच्या महिन्याचे सात दिवस ठरवले. कशाला वेळ द्यायचा आणि कशाला देता येत नाही, हा भेद शास्त्रालाही माहीत आहे आणि कायद्यालाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही धैर्य आणि सहनशीलता यांवर पुष्कळ वाचले होते. संत ऑगस्टीन यांनी सहनशीलतेवर एक छोटा ग्रंथ लिहिला आहे. त्यात ते विचारतात, दरोडेखोरही भूक, थंडी, जागरण सोसतात, मग त्यांना सहनशील म्हणायचे का? त्यांचे उत्तर नकारार्थी आहे. सोसणे म्हणजे सद्‌गुण नव्हे. कशासाठी सोसतो, यावर तो सद्‌गुण ठरतो. संत थॉमस अक्वायनस पुढे जाऊन म्हणतात की दुःखाने मन मोडू न देणे ही सहनशीलता. आणि गरज पडल्यास अन्याय करणाऱ्याविरुद्ध उभे राहणे हे तिच्या विरुद्ध नाही. आपल्यावरचा अन्याय शांतपणे सोसणे प्रशंसनीय असू शकते. पण देवाचा अवमान शांतपणे सोसणे हे पाप आहे, असे ते संत ख्रिसोस्तोम यांच्या आधाराने सांगतात. गरिबाची मजुरी बुडवणे हा देवाचा अवमान नाही, असे कोण म्हणेल? हे सगळे आम्ही परीक्षेत लिहिले होते. गुणही चांगले मिळाले होते.

आपण नाशिककर आहोत, म्हणून आणखी एक उदाहरण आपल्या गावातलेच घेऊ. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी इथे ठाण मांडून होते. लोक दारापाशी बसले, मार खाल्ला, तुरुंगात गेले, आणि हा लढा काही वर्षे चालला. त्या लोकांनाही अनेकांनी ‘जरा थांबा, समाजाचे मन बदलू द्या’ असे सांगितले असेलच. ते थांबले नाहीत आणि त्यांनी हातात दगडही घेतला नाही. ही खरी मंद आच. रोज पेटती, पण भडका न उडणारी. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनीच सांगितले की आता या वाटेवर शक्ती खर्च करायची नाही. किती वेळ पुरे, हेही त्यांनी ओळखले. त्या दिवशी त्यांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला, आणि तो प्रत्यक्षात आणला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला. मध्ये एकवीस वर्षे गेली. कुठे थांबायचे नाही आणि कुठे घाई करायची नाही, हे एकाच माणसाच्या आयुष्यात इतके स्पष्ट क्वचितच दिसते.

आता कोणी म्हणेल, ‘फादर, आजच्या पिढीला तर धीरच नाही. तुम्ही उलटेच काय सांगता?’ हे खरे आहे. आपल्या घरात अशा कितीतरी गोष्टी आहेत, ज्यांना पुरेसा वेळ मिळत नाही. दारू सोडू पाहणारा माणूस एकदा घसरला की आपण त्याच्या नावाने हात झटकतो. पतीच्या निधनाला सहा महिने झाले नाहीत, तोच आपण त्या बहिणीला ‘आता सावरा’ म्हणून सांगतो. अभ्यासात हळू असलेल्या मुलाला रोज संध्याकाळी ‘आज काय आलं?’ असे विचारून आपण दर वेळी झाकण उघडत असतो, आणि आत जमलेली थोडीशी ऊब घालवत असतो. भांडलेल्या भावांना एका बैठकीत गळाभेट घ्यायला लावतो. हे सगळे तंगडीचे मांस आहे. त्याला शिट्ट्या चालत नाहीत. मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू अशा शेतकऱ्याचा दाखला देतो, जो बी पेरून झोपतो, उठतो, आणि जमीन आपोआप पीक देते. तिथल्या ‘आपोआप’साठीच्या मूळ ग्रीक शब्दावरूनच इंग्रजीतला ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द आला आहे. काही कामे आपल्या हाताबाहेर, आपण झोपलेले असताना होतात, आणि ती तशीच होऊ द्यावी लागतात. पण त्या शेतकऱ्याने आधी बी पेरलेले असते, हे विसरायचे नाही.

म्हणून धीर धरावा की धरू नये, असा प्रश्नच चुकीचा आहे. कोणाला ‘धीर धर’ म्हणण्याआधी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते. हे आम्ही आमच्यासाठीच लिहून ठेवले आहेत, पण कदाचित तुमच्याही उपयोगी पडतील.

पहिला, समोरची गोष्ट कोणत्या प्रकारची आहे? वेळेने मऊ होणारी, की वेळेने वाळून जाणारी? दुःख, सवय, रुसवा, शिक्षण यांना वेळ हवा. थकलेली मजुरी, आजाराचे पहिले लक्षण, सासरी मार खाणाऱ्या मुलीचा फोन यांना वेळ देणे म्हणजे नुकसान करणे.

दुसरा, खाली धग आहे का? आपण थांबायला सांगतो आहोत, तेव्हा आपणही काही करतो आहोत का? भेटतो आहोत, विचारपूस करतो आहोत, सोबत जातो आहोत? की झाकण लावून आपण मोकळे झालो?

तिसरा, वाट कोण पाहतो आहे आणि ताट कोणाचे भरलेले आहे? ज्याचे जेवण झाले आहे, त्याने भुकेल्याला धीराचा उपदेश करू नये. आम्ही तो केला, तेव्हा आमच्या हातात चहाचा कप होता.

लेक जानेवारीत आखातात परत गेली. स्लो कुकर मात्र इथेच राहिला. ईस्टरच्या दिवशी त्याच घरी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आजीने सूत्रे हाती घेतली होती. टर्की नव्हता. आजीने चांगली जून गावठी कोंबडी आणली होती, काळ्या मसाल्यात घोळवून कुकरमध्ये ठेवली होती आणि सात तास झाकणाला हात लावू दिला नव्हता. मांस हाडापासून सुटून येत होते. बाजरीच्या भाकरीबरोबर आम्ही जरा जास्तच जेवलो. लेक फोनवरून सगळे पाहत होती. ‘आजी, टर्की पुन्हा आणला तर?’ तिने विचारले.

‘आण की,’ आजी म्हणाली. ‘पण घड्याळ माझ्याजवळ राहू दे.’